मधल्याचा शब्द

माणसाच्या कामाची प्रतवारी लावण्याची समाजाची खोड फार जुनी आहे. जो पिकवतो तो अन्नदाता, जो घडवतो तो कारागीर, जो शोध लावतो तो शास्त्रज्ञ. या सर्वांसाठी आपल्या भाषेत आदराचे शब्द आहेत. जो एकाचे दुसऱ्याकडे पोहोचवतो त्याच्या वाट्याला मात्र ‘दलाल’ आणि ‘अडत्या’ हेच शब्द आले, आणि ते उच्चारताना आपले ओठ थोडे वाकडे होतातच. भाजीची पाटी घेऊन पहाटे बाजार गाठावा आणि भाव पडल्याचे दलालाच्या तोंडून ऐकावे, हे ज्याने भोगले आहे त्याला या वाकडेपणाचे कारण विचारावे लागत नाही. तरीही तो मधला माणूस नसता तर ती पाटी दारातच सुकली असती, हेही तितकेच खरे आहे.

मधल्या माणसाच्या कामाला स्वतःची अशी काही नीती आहे काय, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यासाठी आम्ही मुद्दामच एक दूरचे आणि आधुनिक उदाहरण घेत आहोत: अमेरिकेतील एखाद्या बलाढ्य इलेक्ट्रॉनिक्स वितरक कंपनीतील नोकरी. तेथला कर्मचारी काही बनवत नाही आणि जे विकतो ते स्वतः वापरतही नाही. त्याचा माल इतका लहान असतो की नखावर मावावा, आणि इतका दडलेला असतो की तो ज्या यंत्रात बसतो त्या यंत्राच्या मालकालाही त्याचे नाव ठाऊक नसते. मधलेपणा येथे जितका निखळ दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

या धंद्याचा जन्म रस्त्यावरचा आहे. न्यू यॉर्क शहरातील मॅनहॅटनच्या दक्षिण भागात कोर्टलँड स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांत रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांची दाटी होती. ‘रेडिओ रो’ म्हणून ती प्रसिद्ध होती. ज्यांनी मुंबईचा लॅमिंग्टन रोड पाहिला आहे त्यांना त्या गजबजाटाची कल्पना सहज येईल. १९२१ साली चार्ल्स ॲव्हनेट यांनी तेथे सुट्या भागांचा व्यापार सुरू केला. १९३५ साली त्याच रस्त्यावर ‘ॲरो रेडिओ’ हे दुकान निघाले. वर्ल्ड ट्रेड सेंटर उभारण्यासाठी १९६६ साली ती दुकाने पाडण्यात आली. रस्ता गेला, पण धंदा गेला नाही. ॲव्हनेटचे मुख्यालय आज ॲरिझोनातील फिनिक्स येथे आहे आणि ॲरोचे कोलोरॅडोतील सेंटेनियल येथे. २०२२ साली या दोन्ही कंपन्यांची वार्षिक विक्री प्रत्येकी २००० कोटी डॉलरच्या पुढे होती. बंगळूरूतील त्यांच्या कचेऱ्यांतून आपल्याकडचे तरुणही आज हेच काम करीत आहेत.

काम काय, तर वरकरणी अगदी साधे. चिप बनवणाऱ्या कारखान्याला लाखांच्या हिशेबात माल विकायचा असतो. शंभर चिप हव्या असलेल्या लहान उद्योजकाशी बोलायला त्याला सवड नसते. वितरक त्याच्याकडून मोठ्या प्रमाणावर माल उचलतो, गोदामात साठवतो आणि ज्याला जितका हवा तितका देतो. तो ग्राहकाला उधारी देतो, कोणता भाग कशाला चालेल हे त्याचे अभियंते समजावून सांगतात, आणि गोदामातील माणसे धाग्याच्या रिळांसारख्या दिसणाऱ्या रिळांतून मोजून फीत कापून देतात. दमट हवेने बिघडणारे भाग हवाबंद पिशवीतून जातात. प्रत्येक खोक्यावर माल कोणत्या आठवड्यात तयार झाला याचा आकडा असतो. एवढे करून २०२२ साली या कंपन्यांच्या हाती शंभर डॉलरच्या विक्रीमागे मालाची किंमत वजा जाता बारा-तेरा डॉलर राहत होते. पगार, गोदामे आणि व्याज यांचा खर्च त्यातूनच भागवायचा. इतका अरुंद नफा असला की पैसा खेळता ठेवण्याचा आणि माल हलता ठेवण्याचा ताण वरपासून खालपर्यंत प्रत्येकाच्या मानेवर बसतो.

त्यामुळे तेथल्या विक्री-प्रतिनिधीचे जिणे तिघांच्या ओढाताणीचे असते. माल देणारा उत्पादक त्याला आपला माणूस समजतो, माल घेणारा ग्राहक त्याला आपला समजतो, आणि दर तीन महिन्यांनी संपणारी तिमाही त्या दोघांनाही बाजूला सारून त्याच्याकडे आकडा मागते. त्यातून हा सगळा डोलारा दुसऱ्याच्या मर्जीवर उभा. ऑक्टोबर २०१९मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या बड्या उत्पादकाने आपण यापुढे ग्राहकांशी अधिकाधिक थेट व्यवहार करणार असून बहुतेक वितरकांशी असलेले करार संपवणार असल्याचे कळवले. ॲव्हनेटच्या विक्रीचा सुमारे दहावा हिस्सा त्या एका उत्पादकाच्या मालातून येत होता. ज्यांनी वर्षानुवर्षे त्या मालाची ओळख ग्राहकांच्या दारोदारी करून दिली होती, त्यांच्या हातचे काम एका निर्णयाने गेले. पूल बांधून झाल्यावर नावाड्याची आठवण कोणाला येणार?

तथापि मधल्या माणसाची खरी कसोटी त्याच्या वाट्याला येणाऱ्या उपेक्षेत नाही. ती टंचाईच्या काळात लागते, कारण टंचाई आली की कालचा नावाडी एकाएकी घाटाचा मालक होतो.

तशी टंचाई २०२१ साली आली. साथीच्या पहिल्या महिन्यांत, म्हणजे २०२० साली, मोटार कंपन्यांनी आपल्या ऑर्डरी घटवल्या होत्या. घरोघरी संगणकांची मागणी वाढल्याने चिपच्या कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. मोटारींना पुन्हा गिऱ्हाईक आले तेव्हा रांगेत जागा उरली नव्हती. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमधील हिमवादळाने ऑस्टिनचे कारखाने बंद पाडले. १९ मार्च रोजी जपानमधील रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने जानेवारी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, चिप वापरणाऱ्या सर्वसाधारण कारखान्याकडे २०१९ साली चाळीस दिवसांचा साठा असे. २०२१ साली तो पाच दिवसांच्याही खाली आला होता. पूर्वी काही आठवड्यांत येणाऱ्या मालासाठी वर्षभराचे वायदे होऊ लागले. या धंद्यात अशा वेळेला ‘ॲलोकेशन’ म्हणतात. आपल्या साध्या मराठीत सांगायचे तर रेशन.

एक प्रसंग कल्पून पाहू. रुग्णाला सलाईन मोजून देणारे पंप बनवणारा एक लहान कारखाना आहे. त्याला एका विशिष्ट चिपचे वर्षाला दोन हजार नग पुरतात. तीच चिप घरगुती उपकरणे बनवणारा एक बडा ग्राहक पन्नास हजारांनी घेतो. गोदामात तीन हजार नग आले आहेत. ते कोणाला द्यावेत?

न्यायाने वाटप म्हणजे काय, याचा विचार ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात केला आहे. ज्याची जेवढी पात्रता तेवढा त्याचा वाटा, असे त्याचे सूत्र. मात्र पात्रता कशावर मोजावी याविषयी लोकांत एकमत नसते, हेही तो प्रांजळपणे सांगून ठेवतो. नेमका तोच पेच येथे आहे. जो जास्त घेतो तो पात्र, की जो आधी रांगेत उभा राहिला तो? ज्याने लेखी करार केला तो, की ज्याची गरज जिवावरची आहे तो? वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्यांनी त्या वर्षी जाहीरपणे हेच मांडले होते: आमची मागणी एकंदर उत्पादनाच्या मानाने चिमूटभर आहे, ती आधी पुरवा. बहुतेक कंपन्यांचा नियम मात्र मागील खरेदीच्या प्रमाणात वाटण्याचा असतो. हा नियम अगदीच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. नियम नसता तर ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची ओळख वरपर्यंत, त्याचीच पोळी भाजली असती. नियम वशिल्याला आवर घालतो. मात्र नियमाला रुग्णाची खाट दिसत नाही. ती दिसण्यासाठी डोळे असलेला कोणीतरी तेथे बसलेला असावा लागतो.

येथे या नोकरीतील सर्वात अवघड गोष्ट आपल्यापुढे येते. तेथे बसलेल्या माणसाला विचारावे, तर तो सांगतो, ‘मी काही ठरवत नाही, सिस्टिममध्ये तसे दिसते.’ त्याच्या वरचा म्हणतो, उत्पादकाने कोटा ठरवून दिला आहे. उत्पादक म्हणतो, वाटप वितरकाचे. निर्णय होतो, त्याचे परिणाम होतात, पण निर्णय करणारा हात शोधू लागलो तर सापडत नाही. मोठ्या संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव परिचयाचा असेल.

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती असते. पण ती विचित्र व्यक्ती आहे. ४ डिसेंबर १९८० रोजी न्यू यॉर्क राज्यातील हॅरिसन येथे एका हॉटेलला आग लागली. तीत २६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १३ जण बैठकीसाठी जमलेले ॲरोचे वरिष्ठ अधिकारी होते. कंपनीचे अध्यक्षही त्यांत होते. एका दिवसात कंपनीचे नेतृत्व जवळजवळ नाहीसे झाले. १९६८ साली कंपनी हाती घेणाऱ्या तिघा सहकाऱ्यांपैकी एकटे जॉन वॅडेल त्या दिवशी कचेरीत थांबल्यामुळे वाचले आणि त्यांनी सूत्रे सांभाळली. ॲरो बुडाली नाही. पुढे ती या धंद्यातील अग्रगण्य कंपनी झाली. मागे राहिलेल्यांच्या धैर्याविषयी आम्हांस आदरच वाटतो. पण या घटनेतून कंपनी नावाच्या व्यक्तीचे स्वरूपही उघड होते. तेरा घरांत दिवा मालवला आणि कंपनी चालत राहिली. तिला मरण नाही. ज्याला मरण नाही त्याला लाज, पश्चात्ताप आणि रात्री लागणारी टोचणी हीही नसते. त्या सर्व गोष्टी तिच्या पगारपत्रकावरील माणसांकडे असतात आणि त्यांच्याचकडे राहतात. म्हणून ‘कंपनीने केले’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर असले, तरी नीतीच्या दृष्टीने ते नेहमी अपुरे असते.

मग त्या मधल्या कर्मचाऱ्याच्या हाती खरोखर काय असते? माल त्याचा नव्हे, भाव त्याचा नव्हे, कोटाही त्याचा नव्हे. आमच्या मते एकच गोष्ट सर्वस्वी त्याची असते: त्याने फोनवर दिलेला शब्द. ग्राहक विचारतो, ‘माल कधी मिळेल?’ या प्रश्नाचे उत्तर कोणती सिस्टिम देत नाही. ते एका माणसाच्या तोंडून बाहेर पडते.

या ठिकाणी दोन हजार वर्षांपूर्वीचा एक वाद आठवतो. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात ऱ्होड्स बेटावरील दुष्काळाचे उदाहरण आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे गलबत घेऊन ऱ्होड्सला पोहोचतो. मागून धान्याने भरलेली आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, लोकांना नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसे एकमेकांशी बांधलेली आहेत, सांगितलेच पाहिजे. सिसेरो स्वतः सांगण्याच्या बाजूने कौल देतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी याच प्रकारच्या प्रश्नाचा विचार करताना अधिक सौम्य भूमिका घेतली: चालू भावाने विकणारा व्यापारी न्यायाच्या कक्षेत दोषी ठरत नाही, पण त्याने सांगितले किंवा भाव उतरवला तर ते अधिक श्रेष्ठ सद्गुणाचे होईल.

आमच्या विक्री-प्रतिनिधीची अवस्था या व्यापाऱ्याच्या नेमकी उलट आहे, आणि म्हणूनच ती अधिक गंभीर आहे. ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याला गलबते येत असल्याचे ठाऊक होते आणि तो गप्प होता. त्याच्या मौनाने लोकांचे चार पैसे जास्त गेले असते. वितरकाच्या कचेरीतील माणसाला गलबते येत नसल्याचे ठाऊक असते आणि तो म्हणतो, ‘पुढच्या महिन्यात पाहू, प्रयत्न चालू आहेत.’ पडद्यावर बावन्न आठवडे दिसत असतात. ग्राहक हातचा जाऊ नये, ऑर्डर रद्द होऊ नये, तिमाहीचा आकडा ढळू नये, एवढ्यासाठी ते गोड वाक्य उच्चारले जाते. ते पूर्ण असत्य नसते. प्रयत्न चालू असतातच. परंतु पंप बनवणारा लहान कारखानदार त्या वाक्यावर विसंबून दुसरा मार्ग शोधत नाही, आराखडा बदलून दुसरी चिप बसवत नाही, कामगारांना वेळेवर कल्पना देत नाही. वेळ हेच त्याचे भांडवल होते आणि ते आपण त्याच्या नकळत खर्चून टाकतो.

या अर्धसत्याची किंमत केवळ एका कारखान्यापुरती राहत नाही. अखेरच्या क्षणी माल मिळत नाही असे कळले की ग्राहक अनोळखी दलालांकडे धावतो, आणि तेथे बनावट मालाचे राज्य असते: जुन्या बोर्डांवरून उपटलेल्या चिप घासून, नवे नाव छापून नव्या म्हणून विकतात. अमेरिकन सिनेटच्या सशस्त्र दल समितीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लष्करी पुरवठ्यातील संशयित बनावट भागांची सुमारे १८०० प्रकरणे नोंदली आहेत. त्यांतील भागांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. विमानांतही असे भाग पोहोचले होते. दुसरीकडे, वितरकाच्या तारखांवर विश्वास उरला नाही की ग्राहकही खोटे बोलू लागतो. हजार नग हवे असताना तो तीन ठिकाणी हजार-हजारांची ऑर्डर नोंदवतो. मग उत्पादकाला तिप्पट मागणी दिसते, टंचाई आहे त्याहून मोठी भासते, आणि सगळा माल एकदम आला की गोदामे तुंबतात. २०२३ साली तसेच झाले. ज्या चिपसाठी वर्षभर विनवण्या केल्या गेल्या, त्यांतल्या कित्येक पुढे ग्राहकांच्या आणि वितरकांच्या फळ्यांवर पडून राहिल्या. काही टंचाई आगीची आणि बर्फाची होती; काही मात्र परस्परांवरील अविश्वासाची होती, आणि ती माणसांनी स्वतः पिकवली होती.

येथे कोणी विचारील की, हा सारा भार त्या सामान्य नोकरदाराच्या डोक्यावर ठेवणे कितपत योग्य? त्याला घराचे हप्ते आहेत, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आहे. खरे बोलून तिमाही हुकली तर त्याच्या जागी दुसरा येईल आणि गोड बोलेल. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. जो वरिष्ठ माणसाचे मोल फक्त तिमाहीच्या आकड्यावर ठरवतो, तो आपल्या हाताखालच्यांना खोटे बोलण्याची रोजची तालीमच देत असतो, आणि त्या खोटेपणाचा मोठा वाटा त्याच्याच खाती जमा होतो. नीतीचा उपदेश तळाशी बसलेल्याला करायचा आणि बक्षिसांची रचना तशीच ठेवायची, हा दांभिकपणा होय.

पण जबाबदारी वर मोठी आहे म्हणून खाली ती शून्य होत नाही. हाती असलेले थोडे आहे, तरी ते खरे आहे. ‘ही तारीख अंदाजाची आहे’ आणि ‘ही तारीख कारखान्याने कबूल केलेली आहे’ हा भेद ग्राहकाला सांगता येतो. तारीख हलली की त्याच दिवशी कळवता येते. तिमाही संपेपर्यंत ती बातमी दाबून ठेवण्याची गरज नसते. ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य उच्चारता येते. मोठ्या कंपन्यांतून ते दुर्मीळ झाले आहे, म्हणूनच त्याचे मोल वाढले आहे. हा निर्णय माझ्या हाती नाही, तो अमक्या टेबलावर होतो, हे सांगता येते. आणि लहान ग्राहकाचा माल एखाद्या रुग्णाच्या खाटेशी जाऊन पोहोचणार असेल, तर ती गोष्ट ज्याला नियमाला अपवाद करण्याचा अधिकार आहे त्याच्यापर्यंत लेखी नेता येते. अपवाद होईल किंवा न होईल. पण नियमाला जे दिसत नव्हते ते कोणीतरी दाखवले, एवढे तरी घडते. आमच्या पंपवाल्याला कदाचित तीन हजारांतले दीडशेच नग मिळतील. तरी त्याला हे आज कळले, तर तो उद्या सकाळी दुसऱ्या चिपचा शोध सुरू करू शकेल.

मधल्या माणसाचे नाव यंत्रावर लागत नाही. पंप चालला तर श्रेय बनवणाऱ्याचे. थांबला तर शिव्या वितरकाच्या. हे या कामाचे प्राक्तन आहे आणि ते बदलेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु समाजाचा फार मोठा व्यवहार अशा मधल्या माणसांच्या शब्दावर चालतो: कारखाना आणि दुकान यांच्यामध्ये, सरकारी कचेरी आणि अर्जदार यांच्यामध्ये, डॉक्टर आणि रुग्णाचे नातेवाईक यांच्यामध्ये कोणीतरी उभा असतो आणि पलीकडची खबर अलीकडे सांगतो. त्याच्या हाती सत्ता थोडी असते आणि माहिती पुष्कळ. सत्तेच्या गैरवापराविषयी आपण भरपूर लिहितो आणि बोलतो. माहिती हाती असताना दिलेल्या गोड, मोघम उत्तराविषयी मात्र आपण स्वतःला क्वचितच जाब विचारतो. तो जाब विचारण्याची सवय लागली, तर ‘दलाल’ हा शब्द उच्चारताना ओठ वाकडे होण्याचे एक कारण तरी कमी होईल.